शिशाच्या मोहोरेची सत्ता : मध्ययुगीन पोपांच्या अधिकाराची पार्श्वभूमी

ऑगस्ट १३२९ मध्ये ऱ्होन नदीच्या काठावरील आविन्यों शहरातून पोप बाविसावा जॉन याने केरळातील कोल्लम येथे नवा धर्मप्रांत स्थापन केला आणि जोर्दानुस नावाच्या डोमिनिकन साधूची तेथे बिशप म्हणून नेमणूक केली. हा जोर्दानुस कोकण किनाऱ्याला अपरिचित नव्हता. आठ वर्षांपूर्वी, १३२१ मध्ये, ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले तेव्हा त्यांचे मृतदेह त्यानेच सोपाऱ्याला नेऊन पुरले होते. कोल्लममध्ये पोपचा एकही शिपाई नव्हता आणि तेथील ख्रिस्ती समाज कित्येक शतके पूर्वेकडील सीरियन परंपरेशी जोडलेला होता. तरीही हजारो मैलांवर बसलेला एक वृद्ध धर्मगुरू तेथील धर्मव्यवस्था आपल्या अखत्यारीत येते असे गृहीत धरून लिहीत होता. त्याच वेळी खुद्द रोम शहर मात्र त्याच्या हातात नीटसे नव्हते. जानेवारी १३२८ मध्ये बव्हेरियाच्या लुडविगने त्याचा विरोध धुडकावून रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट धारण केला होता आणि काही महिन्यांतच स्वतःच्या पसंतीचा एक प्रतिपोप, म्हणजे विरोधी पोप, तेथे बसवला होता.

कोल्लमपर्यंत पोहोचणारा आणि रोममध्ये मात्र अडणारा हा अधिकार नेमका कशाचा बनलेला होता, हा या टिपणाचा विषय आहे. माझ्या मते मध्ययुगीन पोपची सत्ता मुख्यतः लेखी शब्दाची सत्ता होती. ज्यांना तो शब्द आत्म्याच्या तारणासाठी आवश्यक वाटत होता, किंवा ज्यांना आपल्या भांडणात तो उपयोगी पडत होता, त्यांच्यामार्फतच ती चालत असे. ती कशी उभी राहिली आणि कशी झिजली, हे त्यामुळे तलवारींपेक्षा पत्रांच्या आधारे अधिक चांगले समजते.

रोमच्या बिशपला इतर बिशपांपेक्षा वेगळा मान मिळण्याचे मूळ कारण सेंट पीटरची कबर. ‘स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या मी तुला देईन’ असे येशूने पीटरला सांगितल्याचे मत्तयच्या शुभवर्तमानात आहे, आणि पीटर रोममध्ये हुतात्मा झाला अशी परंपरा असल्यामुळे त्या किल्ल्या त्याच्या वारसाकडे, म्हणजे रोमच्या बिशपकडे, आल्या असे मानले जाऊ लागले. मात्र नुसत्या श्रद्धेने सत्ता उभी राहत नाही. सम्राट कॉन्स्टंटाइनने ३३० मध्ये राजधानी पूर्वेला कॉन्स्टँटिनोपलला नेली, ४७६ मध्ये पश्चिमेकडील सम्राटपद संपले, आणि रोममध्ये धान्याची सोय करणारा, निर्वासितांना आसरा देणारा, चालून आलेल्या सेनापतीशी बोलणी करणारा माणूस बहुतेक वेळा बिशपच उरला. ४५२ मध्ये पहिला लिओ हूणांच्या अत्तिलाला सामोरा गेला. ५९० ते ६०४ या काळात पोप असलेल्या पहिल्या ग्रेगरीने सिसिलीतील चर्चच्या शेतजमिनींचे धान्य आणून शहर जगवले, इटलीत शिरलेल्या लोंबार्ड लोकांशी तह केले, आणि इंग्लंडला धर्मप्रसारक पाठवले, जे ५९७ मध्ये तेथे पोहोचले. स्वतःला तो ‘देवाच्या सेवकांचा सेवक’ म्हणवीत असे. हेच बिरुद पुढे प्रत्येक पोपच्या पत्राच्या आरंभी येऊ लागले, त्या पत्रात राजाला पदच्युत करण्याची आज्ञा असली तरीही.

पोप आणि सम्राट यांच्या अधिकारांची विभागणी करणारे एक महत्त्वाचे पत्र या आधीच, ४९४ मध्ये, लिहिले गेले होते. पोप पहिला गेलासियस याने सम्राट अनास्तासियसला कळवले की जगाचा कारभार धर्मगुरूंचा पवित्र अधिकार आणि राजांची सत्ता अशा दोन तत्त्वांनी चालतो, आणि अंतिम न्यायाच्या दिवशी राजांबद्दलही धर्मगुरूंनाच उत्तर द्यावे लागणार असल्यामुळे त्यांचा भार अधिक जड आहे. पुढच्या हजार वर्षांचा वाद या एका वाक्यात बीजरूपाने आलेला आहे, कारण भार अधिक म्हणजे हुकूमही अधिक का, हे गेलासियसने स्पष्ट केले नव्हते.

आठव्या शतकात लोंबार्ड रोमच्या वेशीपर्यंत आले आणि कॉन्स्टँटिनोपलच्या सम्राटाकडून मदत येईना, तेव्हा पोप दुसरा स्टीफन आल्प्स ओलांडून फ्रँक लोकांच्या मुलखात गेला. फ्रँकांचा कारभारी पिपिन याने जुन्या राजघराण्याला बाजूला सारून नुकतेच सिंहासन बळकावले होते आणि त्याला धर्माची मान्यता हवी होती. ७५४ मध्ये सेंट-दनी येथे स्टीफनने त्याला पवित्र तेलाचा अभिषेक केला. पिपिनने मोबदल्यात लोंबार्डांना हरवून मध्य इटलीतील प्रदेश पोपच्या हवाली केला, आणि १८७० पर्यंत या ना त्या रूपात टिकलेल्या पोपच्या राज्याचा पाया पडला. या व्यवहारात राजाला वैधता मिळाली आणि पोपला जमीन मिळाली. पुढे शार्लमेनला ८०० च्या नाताळच्या दिवशी तिसऱ्या लिओने रोममध्ये सम्राटपदाचा मुकुट घातला तेव्हा मुकुट कोण घालतो हाच कळीचा मुद्दा होऊन बसला, कारण देणाऱ्याला काढूनही घेता येईल असा अर्थ त्यातून कोणी ना कोणी काढणारच होते.

याच आठव्या शतकात एक बनावट दस्तऐवजही तयार झाला. कॉन्स्टंटाइनने कुष्ठरोगातून बरे झाल्याच्या कृतज्ञतेपोटी पोप सिल्व्हेस्टरला रोम, इटली आणि पश्चिमेकडील सर्व प्रांत बहाल केले, असे सांगणारे हे दानपत्र होते. ते खोटे आहे हे सिद्ध व्हायला सुमारे सात शतके लागली. मधल्या काळात ते पोपच्या समर्थकांनी पुरावा म्हणून पुढे केले, आणि विरोधकांनीही ते खरे मानूनच कॉन्स्टंटाइनच्या चुकीबद्दल हळहळ व्यक्त केली.

दहावे शतक पोपपदासाठी वाईट गेले. रोममधील सरदार घराणी हे पद आपापसांत फिरवत होती. त्याची चाहूल ८९७ मध्येच लागली होती. त्या वर्षी मृत पोप फॉर्मोसस याचे प्रेत थडग्यातून काढून, पोपचा पोशाख चढवून, त्याच्यावर खटला चालवण्यात आला. या दलदलीतून पोपपदाला बाहेर काढले ते मठांच्या सुधारणा चळवळीने आणि जर्मन सम्राटांनी मिळून, ही गोष्ट नंतरच्या संघर्षाच्या धुरळ्यात विसरली जाते. ९१० मध्ये बर्गंडीत स्थापन झालेला क्लूनीचा मठ स्थानिक सरदारांच्या हस्तक्षेपापासून मुक्त होता, आणि धर्मपदांची खरेदी-विक्री बंद व्हावी हा विचार अशाच मठांच्या वातावरणात रुजला. १०४६ मध्ये जर्मन राजा तिसरा हेन्री इटलीत उतरला तेव्हा पोपपदावर तिघेजण हक्क सांगत होते. त्याने त्या तिघांनाही दूर करून आपल्या पसंतीचा पोप नेमला. त्यानंतर अवघ्या १३ वर्षांनी, १०५९ मध्ये, पोप दुसऱ्या निकोलसने पोपची निवड कार्डिनलांनी, म्हणजे रोमच्या चर्चमधील वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी, करावी असा नियम केला. सम्राटाच्या मानाचा त्यात मोघम उल्लेख होता, पण निवडीची किल्ली त्याच्या हातून गेली.

हा बदल किती खोल होता ते १०७३ मध्ये सातवा ग्रेगरी पोप झाल्यावर कळले. त्याचे मूळ नाव हिल्डेब्रांड. त्याच्या पत्रव्यवहाराच्या नोंदवहीत १०७५ सालच्या पानांवर २७ छोट्या विधानांची एक यादी आहे. सम्राटांना पदच्युत करण्याचा अधिकार पोपला आहे, अन्यायी राज्यकर्त्याशी घेतलेल्या निष्ठेच्या शपथेतून तो प्रजेला मुक्त करू शकतो, सर्व राजांनी फक्त पोपच्याच पायांचे चुंबन घ्यावे, अशी ती विधाने आहेत. ती जाहीर झाली होती की नाही यापेक्षा ती नोंदवहीत आहेत हेच महत्त्वाचे, कारण एका माणसाच्या मनातला कारभाराचा नकाशा त्यांत उघड दिसतो.

ग्रेगरी आणि जर्मन राजा चौथा हेन्री यांच्यातील भांडणाचे तात्कालिक कारण मिलानच्या आर्चबिशपची नेमणूक हे होते. वरवर पाहता हा प्रश्न विधींचा होता : नव्या बिशपच्या हाती अंगठी आणि दंड कोणी द्यायचा, राजाने की चर्चने? पण जर्मनीत बिशप म्हणजे केवळ मिस्सा (चर्चमधील मुख्य उपासना) करणारा धर्मगुरू नव्हता. त्याच्याकडे गावे होती, न्यायदानाचे हक्क होते, लढाईला द्यायचे घोडेस्वार होते, आणि त्याला औरस वारस नसल्यामुळे त्याच्या पश्चात ही सगळी जहागीर पुन्हा राजाच्या मर्जीतील माणसाकडे देता येत असे. सरदारांची वतने वंशपरंपरेने घट्ट होत असताना राजाच्या हाती उरलेले हे सर्वांत भरवशाचे साधन होते. ते काढून घेणे म्हणजे राज्याचा कणाच काढून घेण्यासारखे होते. माझ्या दृष्टीने म्हणूनच हेन्री चौथा केवळ हट्टी राजा ठरत नाही, आणि ग्रेगरीही केवळ सत्तालोभी ठरत नाही. धर्मपद हे राजाच्या चाकरीचे बक्षीस नसावे, हा त्याचा आग्रह मनापासूनचा होता.

जानेवारी १०७६ मध्ये वोर्म्स येथे हेन्रीने आपल्या बिशपांना जमवले आणि ग्रेगरीला पोप न मानता ‘हिल्डेब्रांड’ असे संबोधून, खोटा साधू ठरवून, पायउतार होण्यास फर्मावले. पुढच्याच महिन्यात ग्रेगरीने हेन्रीला चर्चमधून बहिष्कृत केले आणि त्याच्या प्रजेला निष्ठेच्या शपथेतून मोकळे केले. वाळीत टाकणे म्हणजे काय हे ज्या समाजाने पाहिले आहे त्याला या शस्त्राची धार वेगळी समजावून सांगावी लागत नाही. बहिष्कृत माणसाशी जेवणखाण, बोलणे, व्यवहार करणाऱ्यालाही दोष लागत असे. तरीही निर्णायक ठरला तो आदेशाचा दुसरा भाग. जर्मन सरदारांना, विशेषतः सॅक्सनांना, राजाविरुद्ध उठायचेच होते. शपथ मोडल्याच्या पापाची भीती पोपच्या पत्राने दूर केली. ऑक्टोबरमध्ये त्यांनी ठरवले की बहिष्काराला वर्ष पुरे होण्याच्या आत हेन्रीची सुटका झाली नाही तर तो राजा राहणार नाही, आणि निवाड्यासाठी पोपला आउग्सबुर्गला बोलावले.

पोप जर्मनीत पोहोचण्याआधी त्याला गाठायचे म्हणून हेन्रीने भर हिवाळ्यात, पत्नी आणि लहानग्या मुलासह, आल्प्स ओलांडला. ग्रेगरी तोवर काउंटेस मातिल्दाच्या कानोसा या डोंगरी किल्ल्यात येऊन थांबला होता. पुढचा प्रसंग ग्रेगरीने स्वतः जर्मन सरदारांना पाठवलेल्या पत्रात लिहून ठेवला आहे. राजचिन्हे उतरवून, अनवाणी, जाडाभरडा लोकरी अंगरखा घालून राजा तीन दिवस दरवाजासमोर उभा राहून रडत क्षमा मागत होता. पोपच्या भोवतालची माणसेही कळवळली, आणि ही धर्माधिकाऱ्याची कठोरता नसून जुलमी माणसाचे क्रौर्य आहे असे काहींनी बोलून दाखवले, हेही ग्रेगरीने त्या पत्रात लपवलेले नाही. आत मातिल्दा आणि क्लूनीचा मठाधिपती ह्यू हे रदबदली करत होते. हा ह्यू हेन्रीच्या बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता होता. अखेर २८ जानेवारी १०७७ रोजी हेन्रीला आत घेऊन पापमुक्त करण्यात आले.

कानोसाकडे पोपच्या विजयाचे चित्र म्हणून पाहण्याची रीत आहे, पण प्रत्यक्षात तेथे कोंडी ग्रेगरीची झाली होती. पश्चात्तापाने दाराशी आलेल्या माणसाला क्षमा नाकारणे कोणाही धर्मगुरूला शक्य नव्हते, आणि क्षमा दिल्यावर जर्मन सरदारांच्या हातातील कारणच नाहीसे झाले. सरदारांनी मार्चमध्ये दुसरा राजा निवडला खरा, पण हेन्री त्याला पुरून उरला. १०८० मध्ये ग्रेगरीने पुन्हा बहिष्काराचा आदेश काढला तेव्हा त्याचा पूर्वीसारखा परिणाम झाला नाही. १०८४ मध्ये हेन्रीने रोम घेतले, आपल्या प्रतिपोपकडून सम्राटपदाचा मुकुट घालून घेतला, आणि ग्रेगरीच्या मदतीला आलेल्या नॉर्मनांनी शहराची इतकी लूट व जाळपोळ केली की त्यांच्याच बरोबर पोपला रोम सोडावे लागले. पुढच्या वर्षी तो सालेर्नो येथे वारला. एकच शस्त्र दुसऱ्यांदा उगारले की त्याचे वजन घटते, हे ग्रेगरीच्या वाट्याला प्रथम आले. नंतरच्या पोपांच्या वाट्याला ते वारंवार येणार होते. मूळ वादाचा निकाल ११२२ च्या वोर्म्स करारात लागला : अंगठी आणि दंड चर्चने द्यायचे, जमिनी व हक्क राजाने राजदंडाच्या स्पर्शाने द्यायचे. भांडण मिटायला जवळजवळ अर्धे शतक लागले.

ग्रेगरीची यादी कागदावर राहिली. पुढच्या दीडशे वर्षांत तिला बळ दिले ते वकिलांनी आणि लेखनिकांनी. सुमारे ११४० मध्ये बोलोन्या येथे ग्राशियनने चर्चच्या परस्परविरोधी नियमांची जुळणी करणारा मोठा संग्रह तयार केला, आणि चर्चचा कायदा हा विद्यापीठात शिकण्याचा विषय झाला. मग एखाद्या मठाचे आणि बिशपचे भांडण असो, विवाह वैध की अवैध हा प्रश्न असो, मृत्युपत्राचा वाद असो, पक्षकार रोमला अर्ज करू लागले. विवाहाचा प्रश्न तर प्रत्येक राजघराण्याचा होता, कारण १२१५ पर्यंत सातव्या पिढीपर्यंतच्या नातेवाइकांत लग्न निषिद्ध होते आणि राजघराणी एकमेकांत इतकी गुंतलेली होती की पोपच्या परवानगीविना किंवा रद्दपत्राविना अनेकांचे पान हलत नसे. पोप बहुतेक प्रकरणे स्वतः ऐकत नसे; तो त्या त्या भागातील दोन-तीन धर्माधिकाऱ्यांना आपल्या वतीने न्यायाधीश नेमून पाठवी. वरून लादलेल्या हुकमांपेक्षा खालून आलेल्या अर्जांनी पोपचा अधिकार गावोगावी नेला, हे मला या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे वाटते.

हे पत्र कसे दिसे ते पाहण्यासारखे आहे. चर्मपत्राची खालची कडा दुमडून तीत छिद्रे पाडत, त्यांतून दोरा ओवत, आणि दोऱ्याच्या टोकांवर शिशाची गोल चकती दाबून बसवत. एखादा हक्क वा सवलत बहाल करणारे पत्र असेल तर दोरा लाल-पिवळ्या रेशमाचा असे. आज्ञा किंवा न्यायाचा आदेश असेल तर साध्या तागाचा. चकतीच्या एका बाजूला पीटर आणि पॉल यांचे चेहरे, तर दुसऱ्या बाजूला पोपचे नाव आणि अनुक्रम. लॅटिनमध्ये या मोहोरेला ‘बुल्ला’ म्हणत, आणि त्यावरून पत्रालाच बुल्ला हे नाव पडले. या शिक्कामोर्तबाला एवढी किंमत होती की खोट्या पत्रांचा धंदाच सुरू झाला. ११९८ मध्ये पोप झालेल्या तिसऱ्या इनोसंटने कारकिर्दीच्या आरंभीच बनावट पत्रे ओळखण्याच्या खुणा लिहून कळवल्या : खऱ्या पत्राची मोहोर काढून खोट्या पत्राला लावली आहे का, दोरा मध्येच कापून आत सरकवला आहे का, खरवडून नवी अक्षरे घातली आहेत का, हे बारकाईने पाहावे. त्याच्याच कारकिर्दीपासून पोपच्या पत्रांच्या नोंदवह्या जवळजवळ सलग उपलब्ध आहेत.

तिसरा इनोसंट वयाच्या ३७ व्या वर्षी पोप झाला. पूर्वीचे पोप प्रामुख्याने ‘पीटरचा प्रतिनिधी’ म्हणवीत. ‘ख्रिस्ताचा प्रतिनिधी’ हे बिरुद याने रूढ केले. चंद्र जसा सूर्याकडून प्रकाश घेतो तसे राजसत्तेला तेज धर्मसत्तेकडून मिळते, ही त्याची उपमा प्रसिद्ध आहे. त्याच्या सत्तेचा सर्वांत स्पष्ट नमुना इंग्लंडमध्ये सापडतो.

कँटरबरीचा आर्चबिशप १२०५ मध्ये वारला. तेथील साधूंनी एकाला निवडले, राजा जॉनने दुसऱ्याला पुढे केले, आणि इनोसंटने दोघांनाही बाजूला ठेवून स्टीफन लँग्टन या विद्वानाला १२०७ मध्ये आर्चबिशप केले. जॉनने त्याला देशात पाऊल ठेवू दिले नाही. मार्च १२०८ मध्ये पोपने साऱ्या इंग्लंडवर उपासनाबंदी लादली. चर्चची दारे बंद झाली आणि लोकांसाठी मिस्सा थांबल्या. अर्भकांचा बाप्तिस्मा आणि मरणोन्मुख माणसाचे पापनिवेदन एवढ्यालाच मुभा होती. मृतांना चर्चच्या पवित्र केलेल्या भूमीत पुरता येत नव्हते. बापाला शेताच्या बांधावर किंवा रस्त्याच्या कडेला पुरावे लागणाऱ्या शेतकऱ्याचा कँटरबरीच्या भांडणाशी काय संबंध होता, हा प्रश्न मला या प्रकरणात फार अस्वस्थ करतो. राजाला नमवण्यासाठी प्रजेच्या सुतकावर हात घालणे हे इनोसंटसारख्या कायदेपंडिताला न्याय्य वाटले, आणि ते सहा वर्षांहून अधिक काळ चालले.

एवढे करून जॉन डगमगला का? बराच काळ नाही. त्याने चर्चच्या मालमत्ता जप्त केल्या आणि त्यांचे उत्पन्न तिजोरीत भरले. १२०९ मध्ये त्याला व्यक्तिशः बहिष्कृत केले गेले तरी त्याचा कारभार चालूच राहिला. तो वाकला तो १२१३ मध्ये, फ्रान्सचा राजा दुसरा फिलिप इंग्लंडवर चालून येण्याची तयारी करत असताना आणि स्वतःचे सरदार बेभरवशाचे झालेले असताना. मे महिन्यात त्याने इंग्लंड व आयर्लंड पोपच्या चरणी अर्पण करून मांडलिक म्हणून परत घेतले आणि वर्षाला १,००० मार्क खंडणी, इंग्लंडची ७०० व आयर्लंडची ३००, देण्याचे कबूल केले. ही शरणागती धूर्त होती. आता पोप त्याचा धनी झाला होता, आणि धन्याला मांडलिकाचे रक्षण करणे भाग होते. जून १२१५ मध्ये सरदारांनी जॉनकडून मॅग्ना कार्टा लिहून घेतला तेव्हा ऑगस्टमध्ये तो रद्दबातल ठरवणारे पत्र इनोसंटनेच काढले. ज्या लँग्टनसाठी सारा देश सहा वर्षे उपासनेविना राहिला होता, त्याने सरदारांवर कारवाई करण्यास नकार दिला म्हणून त्यालाही पोपच्या प्रतिनिधींनी निलंबित केले.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रोमच्या लॅटरन प्रासादात भरलेल्या धर्मपरिषदेला चारशेहून अधिक बिशप हजर होते. प्रत्येक प्रौढ ख्रिस्ती माणसाने वर्षातून किमान एकदा आपल्या धर्मगुरूजवळ पापनिवेदन करावे, हा तेथील नियम आजही कॅथलिक घरांत परिचित आहे. लग्नासाठीची नात्याची मर्यादा सात पिढ्यांवरून चारवर आणली गेली. आरोपीने तापलेले लोखंड हाती धरून किंवा पाण्यात पडून निर्दोषत्व सिद्ध करायचे, या दिव्यांत धर्मगुरूंनी भाग घेण्यास मनाई झाली, आणि धर्मगुरूच्या आशीर्वादाविना दिव्याला अर्थ नसल्यामुळे ही प्रथाच मोडत गेली व न्यायालयांना साक्षीपुराव्याकडे वळावे लागले. याच परिषदेने ज्यू व मुस्लिमांनी वेगळा ओळखू येणारा पोशाख करावा असेही ठरवले. त्या एका कलमाचे परिणाम युरोपातील ज्यूंनी पुढे कित्येक शतके भोगले.

धर्मयुद्धांबद्दलही असेच दोन्ही बाजूंनी बोलावे लागते. १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथे पोप दुसऱ्या अर्बनने जेरुसलेमच्या मोहिमेसाठी केलेल्या आवाहनाला मिळालेला प्रतिसाद पाहता, त्या काळी दुसऱ्या कोणाच्या शब्दावर इतकी माणसे घर सोडून निघाली असती असे वाटत नाही. पण निघालेल्या माणसांवर ताबा ठेवणे पोपच्या हाती नव्हते. इनोसंटने मनाई केली असतानाही चौथ्या मोहिमेतील सैनिकांनी १२०२ मध्ये झारा हे ख्रिस्ती शहर घेतले आणि १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपल लुटले. चर्चने पाखंडी ठरवलेल्या, दक्षिण फ्रान्समधील काथार पंथीयांविरुद्धची मोहीम मात्र इनोसंटने स्वतः पुकारली होती, आणि १२०९ मध्ये बेझिए शहरात झालेल्या कत्तलीची जबाबदारी त्याच्यापासून वेगळी काढता येत नाही. धर्मयुद्धाच्या खर्चासाठी ११९९ मध्ये त्याने धर्मगुरूंच्या उत्पन्नावर चाळिसाव्या हिश्शाचा कर बसवला, आणि त्यातून वसुलीची यंत्रणा उभी राहिली. पुढच्या पोपांनी ती यंत्रणा आणि धर्मयुद्धाचे आवाहन ही दोन्ही साधने इटलीतील आपल्या राजकीय शत्रूंविरुद्ध, विशेषतः सम्राट दुसरा फ्रेडरिक व त्याच्या वंशजांविरुद्ध, वापरली. १२२७ मध्ये बहिष्कृत झालेल्या फ्रेडरिकला तर १२२८ मध्ये त्याच अवस्थेत जेरुसलेमकडे निघावे लागले, आणि १२२९ मध्ये त्याने ते शहर लढाईविना तहाने मिळवले.

या वापराची किंमत आठव्या बोनिफेसने चुकती केली. राजांनी पोपच्या संमतीविना धर्मगुरूंवर कर बसवू नये असे त्याने १२९६ मध्ये बजावले. फ्रान्सच्या चौथ्या फिलिपने उत्तरादाखल देशातून सोने-चांदी बाहेर नेण्यावर बंदी घातली आणि रोमकडे जाणारा पैसा आटला. १३०० च्या महोत्सवी वर्षात रोममध्ये यात्रेकरूंची रीघ लागली, आणि त्या गर्दीने बोनिफेसला आपल्या बळाचा चुकीचा अंदाज दिला असावा. नोव्हेंबर १३०२ मध्ये त्याने जाहीर केले की तारणासाठी प्रत्येक मनुष्याने रोमच्या पोपच्या अधीन असणे आवश्यक आहे. शब्दांत इतका मोठा दावा पूर्वी कोणी केला नव्हता. सप्टेंबर १३०३ मध्ये फिलिपचा मंत्री नोगारे आणि रोमच्या कोलोन्ना घराण्यातील शारा सशस्त्र माणसे घेऊन अनाग्नी येथे पोपच्या निवासात घुसले. एकाही राजाने पोपच्या सुटकेसाठी सैन्य पाठवले नाही. सुमारे तीन दिवसांनी गावकऱ्यांनीच त्याला सोडवले, आणि महिनाभरात तो वारला. कानोसाच्या दारातही तीन दिवसच गेले होते.

१३०९ पासून पोप आविन्योंला राहू लागले, ते १३७७ पर्यंत. या काळातील सातही पोप फ्रेंच होते. येथे पोपचा दरारा घटला, पण कार्यालय मात्र पूर्वी कधी नव्हते इतके कार्यक्षम झाले. बाविसाव्या जॉनने धर्मपदांवरील नेमणुका मोठ्या प्रमाणात आपल्याकडे ओढल्या, आणि नेमणूक झालेल्याने पहिल्या वर्षाच्या उत्पन्नाचा वाटा द्यायचा अशी वसुली शिस्तीत आणली. कोल्लमचे पत्र या कार्यालयातून निघाले होते. ज्या यंत्रणेने इंग्लंडातील एखाद्या छोट्या चर्चचे उत्पन्न नोंदवले, तिनेच केरळातील धर्मप्रांत वहीत चढवला. लोकांच्या मनात मात्र पोप म्हणजे वसुली असे समीकरण बसत चालले. १३७८ मध्ये रोम आणि आविन्यों येथे दोन पोप झाले, राजांनी आपापल्या सोयीने बाजू निवडली, १४०९ मध्ये पिसाच्या परिषदेने तिसरा पोप निवडून घोळ वाढवला, आणि तिघेही परस्परांना बहिष्कृत करत राहिले. हा तिढा कॉन्स्टन्सच्या परिषदेने १४१७ मध्ये पाचव्या मार्टिनची निवड करून सोडवला. त्याआधी १४१५ मध्ये तिने धर्मपरिषदेचा अधिकार पोपवरही चालतो असे जाहीर केले होते, आणि त्याच वर्षी बोहेमियातील धर्मसुधारक यान हुस याला जिवंत जाळले होते.

कॉन्स्टंटाइनच्या दानपत्राचा खोटेपणा १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला या इटालियन विद्वानाने उघड केला. त्याचे मुख्य हत्यार भाषा हे होते. चौथ्या शतकातील रोमन सम्राटाच्या दरबारात ‘सात्राप’ (इराणी प्रांताधिकारी) कोठून आले, असे विचारत त्याने त्या लॅटिनमधील एकेक शब्द तपासला आणि तो कितीतरी नंतरचा असल्याचे दाखवले.

पुढचा धागा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. १४५५ मध्ये पोप पाचव्या निकोलसने पोर्तुगालच्या राजाला आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील शोधांचे, व्यापाराचे आणि तेथे चर्च उभारण्याचे हक्क बहाल केले. अशाच पत्रांतून पुढे ‘पाद्रुआद’ ही व्यवस्था घडली : चर्चचा खर्च राजाने करायचा, आणि बिशपपदासाठी नाव राजाने सुचवायचे. १५३४ मध्ये गोव्याचा धर्मप्रांत स्थापन झाला तेव्हा आफ्रिकेच्या दक्षिण टोकापासून चीनपर्यंतचा प्रदेश त्यात येत होता, आणि तेथील बिशप पोर्तुगालच्या राजाच्या पसंतीने ठरणार होता. ज्या हक्कासाठी सातव्या ग्रेगरीने हेन्रीला बर्फात उभे केले, तो हक्क त्याच्या वारसांनी शिशाच्या मोहोरेनिशी एका राजाला परत देऊन टाकला होता.

राजाचा हा हक्क सैल करण्यासाठी रोमने १६२२ मध्ये धर्मप्रसाराचे स्वतंत्र खाते काढले. गोव्याजवळच्या दिवाडी बेटावरील मातेउस द कास्त्रो या ब्राह्मण घराण्यातील ख्रिस्ती तरुणाला गोव्यात धर्मगुरूची दीक्षा नाकारली गेली होती. तो रोमला गेला, तेथे दीक्षित झाला, आणि १६३७ मध्ये बिशप झाला. त्याने रोमहून आणलेली पत्रे गोव्यातील पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांनी मान्य केली नाहीत. पोपने नेमलेल्या या बिशपला आपले ठाणे डिचोलीत, पोर्तुगीजांच्या हद्दीबाहेर, विजापूरच्या आदिलशहाच्या मुलखात करावे लागले.